एका माणसाची जागा

शनिवार, १० ऑक्टोबर. जेवणाच्या टेबलावर उद्याचा टी-शर्ट पसरून ठेवला आहे. त्यावर बिब, म्हणजे मॅरेथॉनमध्ये छातीवर लावायचा नंबराचा कागद, शेजारी वाटीत सेफ्टी पिना. पिना टोचण्याआधी बिबच्या मागे आपलं नाव, रक्तगट आणि घरच्या माणसाचा फोन नंबर लिहायचा असतो. त्यासाठी रेघा छापलेल्याच असतात. बहुतेक जण त्या कोऱ्या ठेवतात. मी भरते, कारण अण्णा भरायला लावत. समोर उभे राहून मोठ्याने वाचून घेत, आणि एक आणि नऊ सारखे दिसले तर पुन्हा गिरवायला सांगत.

यंदा तपासायला ते नाहीत. जुलैत गेले. पेन हातात घेतलं आणि हात थांबला, म्हणून आधी त्यांच्याविषयी लिहून मोकळी होते.

अण्णा माझ्या नात्यातले नव्हते. मूळचे बेळगावकडचे, घरात मराठी आणि दारात कन्नड बोलत वाढलेले. एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झाले होते. लग्न केलं नव्हतं. बंगळूरात मल्लेश्वरमला एका घराच्या वरच्या मजल्यावर एकटे राहत. मी आनेकलच्या बाजूला एका कंपनीत स्टोअर सांभाळते. साखर वाढली, डॉक्टर म्हणाले चाला, म्हणून कंपनीची बस यायच्या आधी शाळेच्या मैदानावर जायला लागले. तिथे हौशी लोकांचा एक गट धावायचा. निवृत्त माणसं, दोन-तीन गृहिणी, पुण्या-नागपूरहून आलेली आयटीतली मुलं. अण्णा सगळ्यांत वडीलधारे. माझ्यापेक्षा पुष्कळ मोठे असूनही मला अक्का म्हणत.

पहिल्या दिवशी त्यांनी मला किती धावता असं विचारलं नाही. म्हणाले, "उभं राहता येतं का, अक्का?"

मला वाटलं गुडघ्यांची चौकशी करताहेत. तसं नव्हतं. मॅरेथॉनमध्ये अण्णांना रस होता तो फक्त सुरुवातीच्या आधीच्या तासाभरात. धावायचं काम पाय करतात, उभं राहायला डोकं लागतं, असं ते म्हणत. कोणत्या गेटाने आत जायचं, बॅग कुठे द्यायची, मुतारीच्या रांगेत कधी शिरायचं, आणि शेवटी लोखंडी कठडे लावून केलेल्या कप्प्यांपैकी आपल्या कप्प्यात कोणत्या कडेला उभं राहायचं. आपल्या शहराच्या मोठ्या मॅरेथॉनला हजारो माणसं असतात. वेगाप्रमाणे कप्पे पाडतात आणि एकेक कप्पा सोडतात. लोक महिनोन्‌महिने पळायचा सराव करतात. अण्णा उभं राहण्याचा करत.

त्यासाठी त्यांनी शिवाजीनगरच्या बाजारातून सुती दोरखंड आणला होता, तंबूला ठोकतात तशा खुंट्या आणल्या होत्या. शर्यतीच्या आधीच्या प्रत्येक रविवारी ते शाळेच्या मैदानावर कप्पे आखत, खडूने गेट काढत, आणि आम्हाला आत घेत. एकाला धक्के मारणारा माणूस व्हायला सांगत, एकीला रडवेली होऊन बॅगेचं टोकन शोधायला. मग शिट्टी वाजवत आणि आम्ही मुंगीच्या चालीने दोरीपर्यंत सरकायचो. तिथे पोचलं की संपलं. पुढे धावायचं नाही.

"अण्णा, स्टार्टमध्ये पीएचडी करताय का?" पुण्याची एक मुलगी त्यांना चिडवायची.

"होय की," अण्णा म्हणत. "गाइड मिळंना."

एकदा माझे यजमान मला न्यायला आले आणि गाडीत बसून हे सगळं पाहत राहिले. घरी येताना म्हणाले, "तुम्हाला पळायचंय की वरात उभी करायचीय?" मला हसू आलं. पण खरं सांगायचं तर पहिल्या शर्यतीत त्या गर्दीत माझा जीव एकदाही घाबरा झाला नाही, तो त्या दोरीमुळेच.

त्यांच्या इतर सवयी मी हळूहळू टिपत गेले. ते फुल पँट घालून धावत. गुडघ्यांना निलगिरीचं तेल लावत, इतकं की ते येण्याआधी वास येई. आणि कुठेही रांगेत किंवा कप्प्यात ते डाव्या कठड्याला लागून उभे राहत आणि उजवीकडे एका माणसाची जागा मोकळी सोडत. सरावात सोडत, शर्यतीतही सोडत. हजारो माणसं खांद्याला खांदा लावून उभी असताना अण्णांच्या उजवीकडे एक भोक असे. कुणी घुसायला लागलं तर ते कन्नडमध्ये, अगदी मऊपणे, "स्वल्प जागा बिडी," म्हणत. थोडी जागा सोडा. बहुतेकांना सांगावंही लागत नसे. येत, क्षणभर उभे राहत, आणि आपणहून दुसरीकडे सरकत. मी याचा खुलासा निलगिरीच्या तेलाने केला होता. त्या वासाने मीसुद्धा सरकले असते.

एकदा मी मुद्दाम तिथे उभी राहिले. मला असल्या गोष्टींचं काही वाटत नाही, स्टोअरमध्ये एकटीने स्टॉक मोजत संध्याकाळ काढणारी बाई आहे मी. अण्णा फक्त माझ्याकडे, म्हणजे माझ्या थोडं मागे, पाहत राहिले. बसमध्ये आपण कुणाच्या पायावर पाय दिला की बाकीचे प्रवासी पाहतात तसं. मी बाजूला झाले. का झाले ते सांगता येणार नाही.

कॉफीचंही तसंच. मैदानाजवळच्या हॉटेलात सराव झाल्यावर सगळे कॉफी पितात. बंगळूरची पद्धत अशी की दोघांत एक कॉफी मागवायची, दोन छोट्या पेल्यांत अर्धी-अर्धी करून आणतात. त्याला बाय-टू म्हणतात. अण्णा एकटे असले तरी बाय-टू मागवत. एक पेला आपल्यापुढे, दुसरा समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे. आपला संपला की दुसरा तसाच ठेवून उठत. वेटरला सवय झाली होती. सुरुवातीला मी त्या खुर्चीवर बसले आणि पेला उचलला. मला वाटलं, माझ्यासाठीच आहे. अण्णा म्हणाले, "तुमची दुसरी सांगतो की, अक्का." आणि सांगितली. माझ्या हातातून तो पेला काढून घेऊन त्यांनी पुन्हा होता तिथे ठेवला, आणि मला शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

माणूस एकटा राहिला की असं होतं, असं मी घरी सांगितलं.

मग एका वर्षी माझा गुडघा सुजला आणि मी धावण्याऐवजी स्वयंसेवक झाले. माझी नेमणूक नेमकी सुरुवातीच्या रेषेवर झाली. तिथे जमिनीवर रबरी मॅट अंथरलेली असते. प्रत्येकाच्या बिबच्या मागे एक पातळ चिप चिकटवलेली असते. माणूस मॅटवरून गेला की यंत्र ती चिप वाचतं, वेळ नोंदतं आणि पीं करतं. गर्दीत तो आवाज वेगळा ऐकू येत नाही, नुसती एक लांब किंचाळी होते.

कप्पे सुटत गेले. शेवटचा कप्पाही सुटला. मैदानावर पाण्याच्या बाटल्या, फेकलेले प्लास्टिकचे रेनकोट आणि फडफडणारी कमान उरली. उजाडत होतं, धुकं होतं. मी दोरी गुंडाळायला घेतली आणि पाहिलं तर कप्प्यात अण्णा अजून उभे. सगळे गेले तरी डाव्या कठड्याला चिकटून. मग ते निघाले. धावत नव्हते, चालत होते, मान उजवीकडे किंचित झुकवून, लहान मुलाला बरोबर घेऊन त्याच्या चालीने चालावं तसे. मला त्यांनी पाहिलं नाही. मॅटवरून गेले. पीं.

ते कमानीच्या पलीकडे पोचले. मॅटवर कोणी नव्हतं. आणि पुन्हा पीं.

यंत्रावर बसलेल्या मुलाला मी विचारलं हे काय. तो हिंदीत म्हणाला, "डबल रीड, मॅडम. कभी कभी होता है." मला पटलं. आमच्या स्टोअरमधला स्कॅनरही एकच वस्तू दोनदा वाचतो. फक्त तो मुलगा त्यानंतर उठला, यंत्राच्या मागची वायर काढून पुन्हा लावली, आणि स्क्रीनकडे न बघता माझ्याकडे बघत बसला.

पुढच्या रविवारी मी अण्णांना हॉटेलात सरळ विचारलं. उजवीकडे कोण असतं?

त्यांनी काही आढेवेढे घेतले नाहीत. कुणी विचारायचीच वाट पाहत असावेत. ड्रॉइंग ऑफिसात त्यांच्या हाताखाली बागलकोटचा एक तरुण लागला होता. शहरात कोणी नाही, लॉजमध्ये राहायचा. अण्णांच्या नादाने धावायला लागला. एका वर्षी शर्यतीच्या आदल्या दिवशी अण्णांचा पाय मुरगळला. बिब घरात पडलेलं. त्या तरुणाची नावनोंदणी राहून गेली होती, तर अण्णांनी आपलं बिब त्याला दिलं. नियमात बसत नाही, पण सगळेच देतात, अजूनही देतात. बिबच्या मागे अण्णांचं नाव, अण्णांचा रक्तगट. खोडत कोण बसतं? आणि घरच्या माणसाच्या रेघेवर अण्णांनी आपलाच नंबर लिहिला होता. घरी दुसरं होतं कोण?

सकाळी ते पाय शेकत बसले होते. फोन वाजला. एका बाईने कन्नडमध्ये अण्णांचं पूर्ण नाव घेतलं आणि विचारलं, हे तुमचे कोण?

"मी म्हटलं, ते मीच," अण्णा म्हणाले. "ती अगदी मायेनं म्हणाली, तुम्ही आधी बसा, पाणी प्या, आणि मग या. ते गेले."

तो मुलगा वाटेतच गेला होता. छावणीच्या भिंतीलगत एक मोठं रेन ट्री आहे, त्याच्याखाली पडला. अण्णांना तिथे पोचून, ओळख पटवून, बागलकोटला कळवेपर्यंत दुपार झाली. तोवर तो तिथे अण्णांच्या नावाने पडून होता.

"दुपारपर्यंत मीच मेलेलो होतो, अक्का," ते म्हणाले. "कागदोपत्री माझा नंबर सुरुवातीला नोंदला गेला, शेवटी नाही. तो अजून वाटेतच आहे बघा. दर वर्षी मी नाव घातलं की येऊन शेजारी उभा राहतो. माझंच बिब आहे म्हणून."

मी म्हटलं, मग त्याला घेऊन एकदाची शर्यत पूर्ण करा आणि विषय संपवा. अण्णांनी मान हलवली. तेच तर जमत नव्हतं. दर वर्षी दोघं त्या झाडापर्यंत जात आणि तिथे तो थांबे. "मी हात जोडतो, समजावतो. येत नाही. त्याला तिथं टाकून मी पुढं कसा जाऊ?"

म्हणजे आम्हा सगळ्यांना उभं राहायला शिकवणाऱ्या या माणसाने त्या दिवसानंतर एकही शर्यत पूर्ण केलेली नव्हती.

त्याच दिवशी उठताना त्यांनी विचारलं, घरच्या माणसाच्या रेघेवर तुमचा नंबर लिहिला तर चालेल का? मी म्हटलं, लिहा. एका चिठ्ठीवर लिहून पाकिटातही ठेवा. एवढं तर कुणीही कुणासाठी करतं.

मागच्या वर्षी मी त्यांच्याबरोबर शेवटून निघाले. उजवीकडे जागा सोडून, तिच्याही उजवीकडे मी. बराच वेळ काही झालं नाही. ऊन चढत होतं, अण्णांचा श्वास वाजत होता, आणि मला निलगिरीचा वास येत होता. भिंत आली, झाड आलं. रस्ता तापलेला होता, पण झाडाच्या सावलीत शिरल्यावर माझ्या दंडावर काटा आला, फ्रीज उघडल्यावर येतो तसा. अण्णा थांबले. मी म्हटलं, चला. ते म्हणाले, तुम्ही व्हा पुढे. मी गेले. वळणावरून पाहिलं तर ते झाडाखाली वाकून, हात हलवत, कुणाची तरी समजूत घालत होते.

मी शर्यत संपवून केळं खात बसले होते तेव्हा मागे राहिलेल्यांना गोळा करून आणणारी बस आली. बस भरलेली होती, माणसं उभी होती. अण्णा खिडकीशी बसले होते. त्यांच्या शेजारची सीट रिकामी होती.

उतरल्यावर ते मला बाजूला घेऊन गेले. रंग पार उतरला होता. म्हणाले, "माझ्याच्यानं आता होणार नाही. पुढच्या वेळी तुम्ही घेऊन जावा त्याला."

मी म्हटलं, "अण्णा, मी भूतबीत मानत नाही."

"मानू नका. नुसतं सांगा. मी विनवतो म्हणून तो थांबतो. तुम्ही स्टोअरमधल्या पोरांना सांगता, तसं सांगा."

मी सरी म्हटलं, बरं म्हटलं. दमलेल्या म्हाताऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार?

जुलैत एका सकाळी, मी बसमध्ये असताना, फोन आला. अनोळखी बाईचा आवाज. तिने अण्णांचं पूर्ण नाव घेतलं आणि कन्नडमध्ये विचारलं, हे तुमचे कोण? कॉफीच्या हॉटेलातच खुर्चीवर बसल्या बसल्या गेले होते. पाकिटातली चिठ्ठी मिळाली होती. मी म्हटलं, घरचे आहेत, येते. बेळगावचे पुतणे येईपर्यंत सगळं मीच पाहिलं. वेटरने सांगितलं की त्या दिवशी टेबलावरचे दोन्ही पेले रिकामे होते. मी त्याला म्हटलं, पिऊन टाकली असेल. तो म्हणाला, हो, असेल.

एवढंच. आता बिबच्या मागे नाव, रक्तगट आणि यजमानांचा नंबर लिहिते. एक आणि नऊ वेगळे.

रविवार. पहाटे आम्ही गटातले सगळे बरोबर गेलो. गेट, बॅग, मुतारी, सगळं अण्णांच्या क्रमाने. कप्प्यात शिरल्यावर बाकीचे पुढे गेले. मी मागे राहिले आणि डाव्या कठड्याकडे गेले. कठड्यालगत उभी मात्र राहिले नाही. उजवीकडे सरकून उभी राहिले. माझ्या आणि कठड्याच्या मध्ये मी अंदाजाने जागा सोडली होती. लक्षात आलं तेव्हा ती एका माणसाची नव्हती, दोघांची होती.

गर्दी वाढली. एक तरुण त्या जागेत घुसला, उभा राहिला, आणि दंड चोळत बाहेर आला. हिंदीत मला विचारलं, इथे कोणी आहे का?

"आहेत," मी म्हटलं.

त्याने माफी मागितली. माझी नाही. त्या जागेकडे बघून मागितली.

सगळे सुटल्यावर मी निघाले. मॅट माझ्यामागेही वाजली. मी वळले नाही. वाटेत फार विचार केला नाही, गुडघ्याकडे लक्ष होतं. भिंत आली, झाड आलं, दंडावर काटा आला. डावीकडे निलगिरीचा वास येत होता तो अचानक मागे पडला. म्हणजे दोघंही थांबले होते.

मी थांबले नाही. चालतच, मागे न बघता, गोडाऊनच्या दारात रेंगाळणाऱ्या पोरांना ज्या आवाजात सांगते त्या आवाजात सांगितलं. "इथे उभं राहायचं नाही. अण्णा, तुम्ही पुढे व्हा. आणि तू, त्यांचा हात धर, त्यांना दम लागतो. चला."

रस्त्यावर पाणी देणाऱ्या दोन मुली माझ्याकडे बघत राहिल्या. मी चालत राहिले. सावली संपली, ऊन लागलं. थोड्या वेळाने वास पुन्हा आला. या वेळी माझ्या पुढून.

शेवटच्या मॅटपाशी मी पोचले तेव्हा तिथे धावणारं कोणीच नव्हतं, कमान उतरवायला घेतली होती. मी अजून काही पावलं अलीकडे होते तेव्हा मॅट वाजली. मग पुन्हा वाजली. मग मी तिच्यावर पाय दिला आणि माझ्यासाठी वाजली. यंत्राशी बसलेल्या माणसाला मी काही विचारलं नाही.

बॅग घेतली, केळं घेतलं, मेट्रोने मल्लेश्वरमला आले आणि हॉटेलात जाऊन एक पूर्ण कॉफी मागवली. रविवारची गर्दी होती. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब आलं, त्यांना खुर्ची कमी पडत होती. त्यातल्या बाईने माझ्या समोरच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "इल्लि यारादरू इद्दारा?"

"इल्ला," मी म्हटलं. कोणी नाही, घेऊन जा.

तिने खुर्ची ओढून नेली. मी कॉफी संपवली आणि घरी जाऊन टी-शर्ट भिजत घातला.